पापणी कशानं मिटली?

आठ मिनिटं आणि चौतीस मिनिटं! हे दोन आकडे कळल्यापासून ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही. मेसमध्ये सांगून झाले, उदगीरला आईला फोनवर सांगून झाले, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या गाडीत शेजारी बसलेल्या एका एएनएम ताईंना लोहा सोडल्यापासून अहमदपूर येईपर्यंत मी तेच सांगत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पिशवीतून लसीकरणाच्या दिवशीचं किट काढून दाखवलं. आत अ‍ॅड्रिनॅलिनचा अ‍ॅम्प्यूल, सिरिंज आणि वयानुसार डोस लिहिलेला कागद. "आम्हाला शिकवलंय की. एक डोस मांडीत द्यायचा नि मग गाडी बोलवायची," त्या म्हणाल्या. मी अवाक. जे मला इंटर्नशिपच्या वर्षात उलगडत होतं, ते त्यांच्या पिशवीत आधीपासून होतं!

तर ते आकडे. कॅनडात विनिपेगच्या एस्टेल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक साधा प्रश्न विचारला. ज्या मुलांना पूर्वी जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊन गेली आहे, त्यांना अ‍ॅड्रिनॅलिन कुठे टोचलं तर ते रक्तात लवकर पोहोचतं? मांडीच्या स्नायूत दिलं तेव्हा रक्तातली सर्वांत वरची पातळी सरासरी ८ मिनिटांत गाठली गेली. कातडीखाली दिलं तेव्हा ३४ मिनिटं लागली. औषध तेच, फरक फक्त सुईच्या जागेचा.

आता याच्या शेजारी तिसरी गोष्ट ठेवते, म्हणजे मी एवढी का उसळले आहे ते कळेल. इंग्लंडमधल्या रिचर्ड पम्फ्री यांनी अ‍ॅलर्जीनं झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करून २००० साली तो छापला. हृदय बंद पडायला किती वेळ लागला, हे त्यांनी एकेका प्रकरणात शोधून काढलं. खाण्यातून अ‍ॅलर्जी झाली असेल तर साधारण ३० मिनिटं. मधमाशी, गांधीलमाशी चावली असेल तर १५. दवाखान्यात शिरेतून दिलेल्या औषधानं झाली असेल तर ५. ज्याला ५ किंवा १५ मिनिटं आहेत, त्याला ३४ मिनिटांनी पोहोचणारं औषध काय कामाचं?

आणि अ‍ॅव्हिल?

आमच्या भागात अ‍ॅव्हिल हे घरातलंच नाव आहे. अंगावर पित्त उठलं, अ‍ॅव्हिल. आग्या मोहोळ उठून चावलं, अ‍ॅव्हिल. सलाईन चालू असताना थंडी वाजली, अ‍ॅव्हिल. सोबत डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ही जोडी तर इतकी पक्की बसली आहे की पेशंटच येऊन म्हणतो, "मॅडम, अ‍ॅव्हिल-डेक्सा मारा की." अ‍ॅव्हिल म्हणजे फेनिरामाइन. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये दोन मिलिलिटर, म्हणजे ४५.५ मिलिग्रॅम. गुंगी आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिनांच्या कुळातलं हे औषध. फिनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्ये असतं ते क्लोरफेनिरामाइन, हे त्याचे भाऊबंद.

हे औषध वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट गेल्या काही आठवड्यांत मी त्याच्या प्रेमातच पडले आहे! पण प्रेमात पडण्यासाठी आधी ते काय करू शकत नाही, हे समजावं लागलं.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे त्या जिवावरच्या अ‍ॅलर्जीत, शरीरातल्या मास्ट पेशी फुटल्यासारखं आपलं सगळं भांडार एकदम रिकामं करतात. त्यात हिस्टामिन असतं, पण एकटं नसतं. ल्युकोट्रायिन्स, प्रोस्टाग्लँडिन्स, ट्रिप्टेज, सगळा लोंढा येतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, गळू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो. घशाला आतून सूज येते, श्वासनलिका आवळतात. अँटिहिस्टामिन काय करतं? हिस्टामिनच्या एका प्रकारच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. जे हिस्टामिन आधीच आपलं काम करून बसलंय, त्याचा परिणाम ते पुसू शकत नाही. बाकीच्या लोंढ्याला ते विचारतही नाही. खाज कमी होते, गांधी बसतात. कोसळलेला रक्तदाब ते वर आणत नाही आणि आवळलेला श्वास मोकळा करत नाही. अ‍ॅड्रिनॅलिन मात्र एकाच वेळी तिन्हीकडे धावतं: रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींना आणखी माल सोडण्यापासून रोखतं.

हे सगळं पुस्तकात होतंच. परीक्षेतही लिहिलं होतं. पण पुस्तकात ते एका यादीत असतं: अ‍ॅड्रिनॅलिन, अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, एकाखाली एक, जणू तिघं सख्खी भावंडंच. ती यादी नसून रांग आहे, आणि रांगेत पहिल्याच्या नि दुसऱ्याच्या मध्ये फार मोठं अंतर आहे, हे मला आत्ता कळलं. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर अँटिहिस्टामिनला सुरुवातीच्या तातडीच्या उपचारांतून सरळ बाहेरच काढलं. जीव स्थिरावल्यावर कातडीच्या त्रासासाठी द्या, म्हणाले, आणि तेव्हाही गुंगी न आणणारं निवडा.

गुंगी न आणणारं! इथेच मी थबकले आणि इथूनच माझी खरी धाव सुरू झाली.

कारण गुंगीकडे आजवर मी एक किरकोळ गैरसोय म्हणून पाहत होते. गोळी घेतली, झोप आली, बस. आता वाचत गेले तर दिसलं की आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, हिस्टामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे आणि आपल्याला जागं ठेवणं हे त्याचं काम आहे. जे हिस्टामिन कातडीवर खाज उठवतं, तेच मेंदूत जाग ठेवतं! जुनी अँटिहिस्टामिनं मेंदूभोवतीची रक्ताची वेस सहज ओलांडतात, म्हणून खाजेबरोबर जागही मावळते. नवी, फेक्सोफेनाडिनसारखी, त्या वेशीबाहेरच थांबतात. गुंगी ही त्या औषधाची चूक नाहीच. ती त्याच्या मूळ कामाचाच मेंदूतला भाग आहे.

आणि मग प्रश्न असा उभा राहतो की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाची जाग मावळणं कधी चालेल आणि कधी चालणार नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला ज्या क्षणी मिळालं, तो क्षण सांगितलाच पाहिजे. पावसाळ्यातली रात्र, कॅज्युअल्टी, साप चावल्याचा संशय असलेला एक पोरगा. शेतातल्या खोपीत जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखतं म्हणून उठला. दंशाची खूण सापडत नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणाहून त्याला आमच्याकडे पाठवलं होतं आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: अ‍ॅव्हिल, डेक्सा दिलं. पोराच्या पापण्या जड झाल्या होत्या. त्याची चुलती पदर सावरत म्हणाली, "रात्रभर झोप न्हाई त्याला. झोपूलालंय, झोपू द्या की." मेडिसिनच्या सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आम्हा इंटर्न्सकडे पाहिलं आणि विचारलं, "पापणी कशानं मिटली?"

कुणीच बोललं नाही. सर म्हणाले, मण्यारीच्या विषाचं पहिलं दिसणारं लक्षण कोणतं? पापणी खाली येणं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, पोटात दुखतं आणि काही तासांनी पापण्या उतरू लागतात. त्यानंतर गिळता येत नाही, मान धरवत नाही, शेवटी छातीचे स्नायू थकतात. म्हणजे पापणी ही आपली एकमेव खिडकी! आणि आपण त्याच माणसाला असं औषध देतो की ज्यानं पापणी जड होते. आता सांगा, हे विष आहे की अ‍ॅव्हिल?

आणि सरांनी लगेच ते दोन वेगळे कसे करायचे तेही दाखवलं. मोठ्यानं हाक मारली. पोरगा लगेच भानावर आला, नाव सांगितलं, गावही सांगितलं. म्हणजे मेंदू जागा होता. "वर बघ," म्हणाले. कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या काही पूर्ण उघडल्या नाहीत. गुंगीत असलेला माणूस हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो. मण्यारीचा पेशंट आतून लख्ख जागा असतो, पण त्याला डोळे उघडताच येत नाहीत! लगेच प्रतिविष सुरू झालं, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर थोड्या वेळानं बघायला मला बसवलं, आणि भूलतज्ज्ञांना फोन गेला. पोरगा पुढे चालत घरी गेला. मी मात्र त्या रात्रीपासून प्रत्येक जड पापणीकडे वेगळ्याच नजरेनं बघते आहे.

त्या रात्रीनंतर मला आणखी एक गाठ सोडवायची होती. सापाचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं, ते थोडं थोडं घोड्याला टोचतात, आणि घोड्याच्या शरीरात जी प्रतिपिंडं तयार होतात ती काढून घेतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर मिळून एकच औषध. आपल्याकडे सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या देतात, आणि लहान मुलाला मोठ्या माणसाइतक्याच, कारण सापानं मुलाला कमी विष टोचलेलं नसतं! पण घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी, त्यामुळे प्रतिविषाचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून आधी अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड देऊन ठेवायचं, असं वर्षानुवर्षं ठिकठिकाणी चालत आलं आहे. ऐकायला किती योग्य वाटतं! मलाही वाटलं.

मग मी दोन अभ्यास वाचले.

पहिला ब्राझीलचा, १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. बोथ्रॉप्स जातीचे साप चावलेले १०१ रुग्ण. काहींना प्रतिविषाआधी प्रोमेथाझिन, काहींना नुसतंच निष्क्रिय इंजेक्शन, कुणाला काय दिलं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. प्रोमेथाझिन मिळालेल्या ४९ पैकी १२ जणांना रिअ‍ॅक्शन आली. न मिळालेल्या ५२ पैकी १३ जणांना. चारात एक इकडे, चारात एक तिकडे. काडीचाही फरक नाही!

दुसरा श्रीलंकेचा, २०११ सालचा, आणि हा तर मी श्वास रोखून वाचला. हजाराहून जास्त रुग्ण, नेमके १००७. प्रोमेथाझिन, हायड्रोकॉर्टिझोन आणि अगदी कमी मात्रेतलं अ‍ॅड्रिनॅलिन, यांच्या सगळ्या जोड्या लावून तपासल्या. प्रोमेथाझिननं गंभीर रिअ‍ॅक्शन कमी झाल्या नाहीत. हायड्रोकॉर्टिझोननंही नाहीत. आणि अ‍ॅड्रिनॅलिन? कातडीखाली फक्त पाव मिलिलिटर! त्यानं पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन ४३ टक्क्यांनी आणि ४८ तासांतल्या ३८ टक्क्यांनी कमी केल्या. त्यात हायड्रोकॉर्टिझोन जोडलं तर तो फायदाही नाहीसा झाला. आपल्यासारखेच भातशेतीतले, उसातले, अंगणात झोपणारे लोक, शेजारच्या बेटावरचे, आणि त्यांनी आपल्या आजारपणातून जगाला हे उत्तर दिलं. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. एवढे मृत्यू असलेल्या देशात श्रीलंकेच्या या एका अभ्यासाची पोस्टर्स दर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर का नसावीत?

विंचवाकडेही याच नजरेनं वळले आणि तिथे तर आपल्याच मराठवाड्याचा माणूस भेटला. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला गेले आणि लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जाताना पाहून हादरले. ते प्रत्येक पेशंटजवळ बसले, नाडी, घाम, रक्तदाब, छातीतला फेस टिपत राहिले आणि १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग मांडला. विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो. प्राझोसिन नेमकं ते आवळणं सोडवतं. चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला! पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत त्यांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे होतात, नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्या वेळात ८. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

यात अँटिहिस्टामिनची जागा कुठे? कुठेच नाही. लाल विंचवाचा दंश ही अ‍ॅलर्जी नव्हे. तिथे अ‍ॅव्हिल दिलं तर वादळ तसंच राहतं, फक्त घामेजलेलं, थंड पडलेलं, सारखं उलट्या करणारं मूल गपगार होतं आणि घरच्यांना वाटतं, उतरलं. या एका गैरसमजाची मला फार भीती वाटते. शांत झालेलं मूल म्हणजे बरं झालेलं मूल नव्हे. हातपाय थंडच आहेत का, नाडी किती, हेच बघायचं.

बाकीचे नियम मी भराभर सांगून टाकते, कारण ते सोपे आहेत आणि दर दवाखान्यात, दर घरात लागतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसचा पेशंट आडवा ठेवायचा, पाय वर, आणि उठवून बसवायचं नाही, उभं तर अजिबात करायचं नाही. पम्फ्री यांनीच २००३ साली दाखवलं की काही माणसं उठून बसवल्याबरोबर, उभी केल्याबरोबर गेली. (धाप लागून आडवं होता येत नसेल तर बसवायचं, पण पाय लांब पसरून.) प्रौढाला अ‍ॅड्रिनॅलिन अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत. मुलाला दर किलोमागे एक शतांश मिलिलिटर. पाच मिनिटांत उतार नाही तर पुन्हा. अ‍ॅव्हिल शिरेतून द्यायचं झालं तर सावकाश, कारण झपकन ढकललं तर रक्तदाब आणखी उतरू शकतो. लघवी अडकण्याचा त्रास असलेले आजोबा, काचबिंदू असलेली आजी, दारू प्यायलेला माणूस, यांच्या बाबतीत दोनदा विचार. आणि अ‍ॅव्हिल घेतलेल्या माणसानं मोटारसायकलवरून कंधारला, मुखेडला, औशाला जायचं नाही! हे मी आता प्रत्येकाला हात जोडून सांगते. इंजेक्शन घ्यायचं, किक मारायची आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेल्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर जायचं, हे आपल्याकडे रोज घडतं. त्या माणसाला घेऊन जायला कुणीतरी येईपर्यंत आपण बाकावर बसवून ठेवू शकतो. एवढं तरी करूच शकतो.

लहान मुलांचं तर वेगळंच. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच नाही, अशा मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत. आणि २०२३ च्या डिसेंबरात आपल्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं बाटलीवर छापायला सांगितलं. घरातल्या कपाटात ती बाटली असेल तर आजच लेबल वाचा.

प्रोमेथाझिनच्या सुईची एक हकीकत मी वाचली आणि त्यानंतर प्रत्येक अ‍ॅम्प्यूल हातात घेताना ती आठवते. डायना लेव्हिन ही अमेरिकेतल्या व्हरमाँटची संगीतकार. २००० साली अर्धशिशीनं बेजार होऊन दवाखान्यात गेली. मळमळीसाठी तिला फिनर्गन दिलं गेलं, शिरेत थेट ढकलून. ते रोहिणीत गेलं. प्रोमेथाझिन आम्लधर्मी असतं, रोहिणीत गेलं की तिथला रक्तपुरवठाच बंद पाडतं. तिचा हात काळा पडला, आधी पंजा, मग कोपराखालचा हात कापावा लागला. ती वाद्यं वाजवायची! तिनं औषध कंपनीवर दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या इंजेक्शनवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणून स्नायूत, खोल, हीच त्याची पसंतीची जागा. मनगटातल्या, हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत कधीच नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी या औषधांच्या कुळाच्या प्रेमात पडले, तिच्याकडे येते. मला वाटतं की सगळ्या कथेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

प्रोमेथाझिन फ्रान्समध्ये तयार झालं, १९४० च्या दशकात. पाश्चर संस्थेत बोव्हे आणि स्टाउब यांनी १९३७ मध्ये पहिलं अँटिहिस्टामिन शोधलं होतं, त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. नौदलातले एक सर्जन, आंरी लाबोरी, ऑपरेशनआधी ते देऊन पाहत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की माणसं नुसती पेंगत नाहीत, ती निवांत होतात. भीती ओसरते. त्या निरीक्षणावरून ते बनवणाऱ्या कंपनीला आणखी शांत करणारा रेणू शोधायची दिशा मिळाली, १९५० च्या डिसेंबरात क्लोरप्रोमाझिन तयार झालं आणि १९५२ मध्ये पॅरिसमधल्या मनोरुग्णालयात त्यानं मानसोपचाराचं चित्रच पालटलं. म्हणजे खाजेच्या औषधाच्या गुंगीतून मनाच्या औषधांचं दालन उघडलं!

आणि ती गुंगी स्वतः? तिची नेमकी जागा वेल्लोरला ठरली. कॅज्युअल्टीत येणारा तो पेशंट डोळ्यांपुढे आणा: दोन-तीन रात्री न झोपलेला, आरडाओरडा करणारा, स्वतःला आणि बाकीच्यांना इजा करू पाहणारा, चौघांनी धरून आणलेला. त्याला पटकन आणि सुखरूप शांत कसं करायचं? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अशा २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००४ साली आला. निम्म्यांना स्नायूत लोराझेपाम, निम्म्यांना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. चार तासांनी दोन्हीकडे जवळपास सगळेच शांत, सुमारे ९६ टक्के. पण हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनचे ७६ टक्के शांत झोपी गेले होते, लोराझेपामचे ४५. ही दोन्ही औषधं स्वस्त, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारी. परदेशातलं कुठलं महागडं इंजेक्शन लागत नाही. ज्याच्या पापणीकडे आपल्याला बघत राहायचं आहे, त्याला ही गुंगी द्यायची नाही. आणि ज्याला झोपेचीच गरज आहे, त्याच्यासाठी ती उपचार आहे!

इथे मी पुस्तक मिटून उठणार होते, तोच ब्राझीलमधल्या रिओचा २००७ चा अभ्यास सापडला. त्यांनी विचारलं, मग नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर? प्रोमेथाझिन कशाला हवं? ३१६ रुग्ण. वीस मिनिटांत एकत्र औषधावर ७२ टक्के शांत झाले, नुसत्या हॅलोपेरिडॉलवर ५५. शिवाय हॅलोपेरिडॉलमुळे मान एकदम पिळवटते, जीभ ताठरते, डोळे वर फिरतात, पेशंट घाबरून जातो आणि घरच्यांना वाटतं काहीतरी भयंकर झालं. असं दहा जणांना झालं आणि दहाच्या दहा नुसत्या हॅलोपेरिडॉलच्या गटातले. प्रोमेथाझिन सोबत असलेल्यांमध्ये एकही नाही.

का, ते शोधलं तर प्रोमेथाझिनचा तोच गुण निघाला ज्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि आजोबांची लघवी अडते. तो अ‍ॅसिटिलकोलिन अडवतो, आणि स्नायूंचं ते पिळवटणंही त्यानंच थांबतं. आता आमच्याकडे असा पेशंट आला की इंजेक्शनच्या ट्रेमध्ये दोन्ही अ‍ॅम्प्यूल बाजूबाजूला ठेवते, वेळ टिपते, पेशंटला कुशीवर झोपवते आणि दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायला खुर्ची ओढून तिथेच बसते.